कोंडाजीचं नाक

टँकरचं झाकण उघडं होतं, कोंडाजीचं डोकं त्यात होतं आणि खाली कारखान्याची नऊ माणसं वाट बघत उभी होती. कोंडाजीने लांब श्वास घेतला. पुन्हा घेतला. रिकाम्या घरात हाक मारावी तसं झालं. आतून काहीच परत आलं नाही.

कुंभिवलीच्या ह्या कारखान्यासाठी परदेशातून बोटीने उग्र वासाचं, चटकन पेटणारं रसायन यायचं. मुंबई बंदरात ते टँकरमध्ये भरत. टँकर चार तासांत घाटाखाली पोचायचा. आत काय आहे ते सांगणारा कागद आठ दिवसांनी. तोवर थांबणार कोण? म्हणून कोंडाजी. एकाहत्तर साली साधा पहारेकरी असताना त्याने निव्वळ वासावरून एक चुकीचा टँकर परत धाडला होता. कारखाना उडायचा वाचला आणि कोंडाजीला बढती मिळाली. टिपणीस साहेब पाहुण्यांना आधी बॉयलर दाखवत, मग कोंडाजीचं नाक.

ते नाक जाऊन आता आठ महिने झाले होते. झाकणात डोकं घालून घालूनच गेलं असावं. एका संध्याकाळी चुलीवरच्या भाताचा कोळसा झाला आणि धूर डोळ्यांत गेल्यावर कोंडाजीला ते कळलं. सांगणार कोणाला? बायकोला, येसूबाईला, जाऊन दीड वर्ष झालं होतं. साहेबांना सांगावं तर नोकरी जाणार, आणि दिवसाकाठी चार माणसांशी होतं तेवढं बोलणंही जाणार. तेव्हापासून मोरू ड्रायव्हरवर निभावत होतं. "कसा झाला परवास?" एवढं विचारलं की मोरू बंदरावर काय भरलं इथपासून सासूच्या दम्यापर्यंत सगळं सांगायचा. मग कोंडाजी वर चढून गंभीर चेहऱ्याने वास घ्यायचा.

आज मोरू रजेवर होता. बदली ड्रायव्हरच्या तोंडात तंबाखूचा तोबरा होता आणि तो थुंकायला राजी नव्हता.

"काय कोंडाजी, सोडायचा का माल?" साहेबांनी खालून विचारलं.

टाकीपाशी नामा नळी धरून उभा होता. चुकलं तर पहिला तोच जाणार. त्याच्या हातावरची हळद अजून उतरली नव्हती.

कोंडाजीने डोकं बाहेर काढलं. "साहेब, मला कायबी वास येत नाय."

बोलून टाकलं आणि बरं वाटलं. साहेबांनी टँकरकडे पाहिलं. मग ओरडले, "पाणी! अरे, पाणी भरून पाठवलंय!"

पेलाभर माल रस्त्यापलीकडे नेऊन काडी लावली. पेटेना. दुसरी लावली. पेटेना. बोटीचा तोल राखायला भरलेलं समुद्राचं पाणी बंदरावर कोणीतरी भलतीच नळी जोडून टँकरमध्ये सोडलं होतं. कारखान्याच्या आवारात मुळातच इतके वास कोंदलेले, की त्यांतला एक कमी आहे हे बाकीच्या नऊ नाकांना कळायची सोय नव्हती. 'आठ महिनं झालं, साहेब,' हे पुढचं वाक्य कोंडाजीच्या जिभेवर आलं होतं. तेवढ्यात साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तिथे कोणाचा हात पडून फार दिवस झाले होते. वाक्य गिळलं गेलं.

"उद्या रविवार," साहेब म्हणाले, "आम्ही सगळे तुमच्या घरी येतो. शाल-नारळ घेऊन!"

कोंडाजीने घर झाडलं, सारवलं, दारात रांगोळीच्या दोन वाकड्या रेघाही ओढल्या. घरात कप एकच होता. शेजारच्या अंबाबाईंनी कुंपणावरून नऊ कप दिले, तेही पदर नाकातोंडाला लावून. साठीला आली बाई, आणि अजून लाजते, असं कोंडाजीला वाटलं. एक मांजर मात्र दोन दिवसांपासून घरात ठाण मांडून होतं. असू दे म्हटलं, कोणीतरी आहे.

सकाळी दहाला मंडळी आली आणि उंबऱ्यावर एकदम थांबली.

"या ना साहेब! आत या, बसा!"

साहेबांनी खिशातून रुमाल काढला. नामाने तोंड फिरवलं. शेवटी नामाच म्हणाला, "काका, आत कायतरी मेलंय."

मग सगळे कोंडाजीच्या नाकाकडे बघू लागले.

"चार दिस झालं," कुंपणापलीकडून अंबाबाई म्हणाल्या.

"मंग सांगायचं नाय का, वैनी?"

"आता तुमच्या नाकाला मी शिकवू का, भावजी? पेपरात यायचं तेवढं राहिलंय ते!"

साहेब भले माणूस. त्यांनी छाती भरून श्वास घेतला, आत गेले, शाल पांघरवली, नारळ दिला आणि त्याच एका श्वासात बाहेर आले. "उद्यापासून तुम्ही बाग बघा, कोंडाजी," ते अंगणातून म्हणाले. "गुलाबांना पाणी घाला." कारखान्याची बाग मागच्या कुंपणाला होती. तिकडे माळीसुद्धा जायचा कंटाळा करी. सोमवारपासून फाटकावर एक काडेपेटी ठेवण्यात आली.

नऊ कप कोरडेच राहिले. ते न्यायला अंबाबाई आल्या आणि घराची कळा बघून त्यांनी पदर खोचला. "सरा बाजूला. उंदीर असंल. मी काढते."

त्यांनी ट्रंक ओढली, फळी उतरवली, माळ्यावर काठी फिरवली. सोबत तोंडही चालू होतं: येसू असती तर घराचा असा उकिरडा झाला नसता, बाप्यांना काडीची अक्कल नसते, आणि हे मांजर कोणाचं? शाल पांघरून कोंडाजी चुलीपाशी बसला होता. त्याने दोनदा चहा केला. अंबाबाईंनी दोन्ही वेळा घेतला.

"सापडला का, वैनी?"

"नाय अजून."

"बघा सावकाश."

उंदीर कणगीमागे होता. पहिल्या चहाचं आधण ठेवतानाच तो कोंडाजीला दिसला होता.