बहिणीचा वाटा

"चुन्याची रेघ ओलांडशील तर बघ!" शेवंता फाटकातून भावावर ओरडली. त्याच्या गावात डुकरांमध्ये तापाची साथ आल्याचं कळल्यापासून तिनं आपल्या डुकरांपाशी कुणाला फिरकू दिलं नव्हतं.

"अक्का, सख्ख्या भावाला दारातनं परत लावतीस?"

"भाऊ माझाच रं, पण चपला तुझ्या गावच्या."

त्यानं हसत बाहेरूनच जड पिशवी पुढं केली. डुक्कर कापलं की आधी बहिणीचा वाटा काढायचा, ही त्यांच्यातली रीत. चपला बाहेर राहिल्या, पिशवी आत आली. तिनं मटण दोन पाण्यांनी धुतलं आणि ते पाणी नेहमीसारखं डुकरांच्या कोंड्यात ओतलं.

आठवड्यानं तिची गाभण डुकरीण कान निळे पडून आडवी झाली. सरकारी डॉक्टर एकेक गोष्ट विचारत गेले आणि त्या पाण्यापाशी येऊन थांबले.

"मावशी, रोग त्या पाण्यातनं आला. आता तुमची सगळी डुकरं मारावी लागतील."

"पण आम्ही तर खाल्लं की! कुणाला शिंकसुद्धा आली नाही."

"हा रोग माणसाला होत नाही. डुकराला सोडत नाही." मग त्यांनी जरा दबकतच विचारलं, "मटण तुमच्याच घरात संपलं ना?"

"एकटीनं कसं खाईन, डॉक्टर? गल्लीत घरटी वाटा दिला, कच्चाच." बोलता बोलता तिचा हात तोंडावर गेला.

गल्लीत प्रत्येक दाराशी डुकरं होती, आणि मटण धुतलेलं पाणी फेकून द्यायची तिथं कुणालाच सवय नव्हती.