तिसरा रिमोट

"हाही नापास," डॉक्टर स्वामीनाथ राव म्हणाले आणि त्यांनी रिमोट काउंटरच्या काचेवर ठेवला. "टीव्ही लागतो, होम थिएटर लागतं, चॅनेल बदलतं. आवाज मात्र वाढत नाही. दाबून दाबून अंगठा दुखला."

दहा दिवसांत परत आलेला हा दुसरा युनिव्हर्सल रिमोट. दुकानदार सेतूने तो उलटसुलट करून पाहिला. त्याच्या पाठीमागच्या भिंतीवर तसलेच शंभरेक रिमोट प्लॅस्टिकच्या पिशव्यांत लटकत होते.

"डॉक्टर सार, तुम्ही आहात म्हणून ऐकून घेतो," तो तमिळमध्ये म्हणाला. "दुसरा कुणी असता तर म्हटलं असतं, बाबा रे, रिमोट राहू दे, अंगठा बदल."

डॉक्टर, म्हणजे मधुमिताचे अप्पा, मोठ्याने हसले. शेजारी उभी असलेली मधुमिता हसली नाही. एरवी ती हसली असती, वर आपली दोन वाक्यंही जोडली असती. दहावीत शाळेत पहिली आल्यापासून गप्प बसणं तिला जमतच नव्हतं. पण ते दोन्ही रिमोट चांगले होते. तिनेच महिन्यापूर्वी होम थिएटरच्या सेटिंगमध्ये शिरून आवाज वीसच्या वर जाणारच नाही असं करून ठेवलं होतं. शेजारच्या मीनाक्षीबाई रोज भिंत ठोकायच्या. आई म्हणाली होती, "कर कांहीं तरी. पण अप्पांस कळूं देऊं नको." अप्पांना कमी ऐकू येतं हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. अप्पा सोडून.

"मधू, तूंच सांग, कोणता घ्यावा?" अप्पांनी मराठीत विचारलं. दुकानात ही भाषा दोघांचीच होती. "तुला यांतलें कळतें."

"कोणताही घ्या अप्पा. सगळे सारखेच."

"सारखे कसे? दोन बिघडके निघाले कीं!"

"या वेळी इथेच वाजवून बघा," सेतू म्हणाला. त्याने तिसरा रिमोट पिशवीतून काढला, बारीक सेल घातले, बटण दाबून धरलं आणि लाल दिवा लागल्यावर कोड मारला. दुकानातल्या टीव्हीवर बातम्या लागल्या. "घ्या सार. वाढवा."

अप्पांनी अंगठा ठेवला. वीस. तीस. चाळीस. काउंटरची काच थरथरायला लागली. कोपऱ्यात स्टुलावर बसलेल्या सेतूच्या आईने, सरस्वती अम्मांनी, पदर कानावर दाबला. समोरचा पितळी भांडीवाला पायरीवर येऊन काहीतरी ओरडला. काय ते कुणालाच ऐकू आलं नाही.

बासष्टवर अप्पा थांबले. त्यांचा चेहरा उजळला होता.

"हां! आता कुठे शब्द कळतोय. हाच रिमोट बांधून दे."

सेतूने पडद्यावरचा आकडा पाहिला. मग मधुमिताकडे पाहिलं. ती भिंतीवरचे रिमोट बघत राहिली. सेतूने हळूच टीव्ही बंद केला.

दुकान एकदम शांत झालं. आणि त्या शांततेत, भाता फाटलेल्या पेटीतून निघावा तसा एक बारीक आवाज येत राहिला. सुंईं... थांबून पुन्हा सुंईं... सरस्वती अम्मांच्या छातीतून येत होता तो.

"डॉक्टर तंबी," धाकट्या भावाला हाक मारावी तशा अम्मा म्हणाल्या, "तुझ्याचकडे यायचं म्हणून चोळपुरम्‌हून आले सकाळी. तीन दिवस खोकला आहे, झोप नाही. भेटलाच आहेस तर इथेच बघ की."

"अम्मा, दवाखान्यात..." सेतू घाईने म्हणाला.

"असू दे रे, काय त्यात," म्हणत अप्पांनी बॅगेतून स्टेथोस्कोप काढलासुद्धा. तीस वर्षं ते हेच करत आले होते, लग्नात, बसमध्ये, देवळाच्या ओसरीवर. त्यांनी अम्मांच्या पाठीवर चकती टेकवली. डोळे मिटले. "श्वास घ्या. सोडा. अजून एकदा."

सुंईं, आवाज आला. मधुमिता चार हात लांब उभी होती.

अप्पांनी कानातल्या नळ्या काढल्या. "काही नाही अम्मा. छाती स्वच्छ आहे. गरम पाणी प्या, गोळी लिहून देतो, झोपा निवांत."

अम्मांनी हात जोडले. सेतूलाही तो आवाज ऐकू येत होता. डॉक्टरांना कोण सांगणार! त्याने नुसतं मधुमिताकडे पाहिलं.

"अप्पा," ती मराठीत, हळूच म्हणाली, "परत एकदां ऐका कीं."

अप्पा खिशात पेन शोधत होते.

"अप्पा, परत ऐका."

त्यांना पेन सापडलं. औषधाचं नाव लिहायला कागद हवा होता, म्हणून त्यांनी काउंटरवरचं बिलबुक ओढून घेतलं.

मग ती तमिळमध्ये बोलली, समोरच्या पायरीवरल्या भांडीवाल्यालाही कळेल अशी, जोरात. "छाती वाजतेय त्यांची, अप्पा. मला इथून ऐकू येतंय."

पेन थांबलं. अप्पांनी तिच्याकडे पाहिलं, मग सेतूकडे. सेतू मान खाली घालून सेल चाचपत होता. समोरचा भांडीवाला पायरीवरून आत निघून गेला.

अप्पांनी नळ्या पुन्हा कानांत घातल्या, चकती अम्मांच्या पाठीवर ठेवली.

"श्वास घ्या."

अम्मांनी घेतला. चकती सरकली. पुन्हा घेतला. चकती खाली, डावीकडे, पुन्हा वर.

"अजून, तंबी?" अम्मांनी विचारलं.

अप्पांनी चकती आणखी दाबून धरली. अम्मा मुकाट्याने श्वास घेत राहिल्या, सोडत राहिल्या, प्रत्येक वेळी सुंईं होत राहिलं, आणि अप्पा काही कानातल्या नळ्या काढेनात.