किनाऱ्याआधी

मित्राच्या पिंडाला कावळा शिवेना. त्याचे काका म्हणाले, "आईला सांभाळू रे!" मामा म्हणाले, "बहिणीचं लग्न थाटात करू!" कावळा फांदीवर चोच पुसत बसला.

"तू त्याचा जिगरी ना? बोल की काहीतरी," काकांनी मला पुढे ढकललं.

मी पुटपुटलो, "गेममधली आपली होडी मी किनाऱ्याला लावतो."

कावळा झपकन खाली उतरला. भटजींनीही माझ्याकडे आदराने पाहिलं.

तेव्हापासून रोज खेळतो. वारा छान, समुद्र शांत. त्याचा खेळाडू सुकाणूपाशी तसाच उभा आहे. मी दोघांपुरते मासे भाजतो. किनारा समोर दिसतोय, पण तिथे पोचलं की गेम संपतो. म्हणून शीड उतरवून ठेवलंय.

खिडकीत कावळा ओरडायला लागला, की मी हेडफोन घालतो.