डाव्या बाजूचा पत्रा

तारेच्या ब्रशचा दांडा पत्र्यावर आपटला आणि ‘ठण्ण’ असा आवाज निघाला. योगितानं जीपच्या दारातून डोकं बाहेर काढलं.

“अण्णा, ऐकलं का? पत्रा जित्ता हाय!”

तिचे वडील, नाथाअण्णा, लिंबाखाली शेळ्यांना पाला टाकत होते. त्यांनी मानसुद्धा वर केली नाही. शेजारचे तात्याबा मात्र बांधावरून जाता जाता थांबलेच.

“काय बे नाथा, पोरगी जीपला काजळ घालतीय का? बघायला येणार हायेत का काय जीपला?”

“येणार हायेत ना तात्या,” योगिता म्हणाली. “उद्या पासिंग हाय. साहेब लोक तिला वाकून वाकून बघणार हायेत.”

तात्याबा हसत गेले. योगिताला हसून चालणार नव्हतं. पासिंग झालं नाही तर जीप दारात उभी. मग गुरुवारी बाजाराला शेळ्या कशात न्यायच्या? आणि तिची अकरावी? वस्तीवरून घाटनांदूरला एसटी नव्हती, अण्णांची जीप होती. जीप बंद म्हणजे कॉलेज बंद. आणि पोरीचं कॉलेज बंद झालं की पाहुणे घरात कसलं बोलणं काढतात, हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तिनं मोबाईलवर बघून सगळं शिकून घेतलं होतं. आधी गंज खरवडायचा, पुसायचा, कडकडीत वाळू द्यायचं, मग डांबरासारख्या जाड काळ्या रंगाचे ब्रशनं दोन हात. पत्र्याला पाणी दिसतच नाही, मग गंज येईल कुठून!

या जीपला पाण्यानं नाही, शेळ्यांच्या मुतानं खाल्लं होतं. मागं शेळ्या, पुढं ती आणि अण्णा. घाटात ब्रेक दाबला की मागचं सगळं पुढं वाहत यायचं. रस्ता डाव्या कडेला उतरता, म्हणून साचायचं ते नेमकं तिच्या पायाशी. वर्गात मुली नाक दाबायच्या. आधी ती रडायची. यंदा मात्र तिनं सगळ्यांसमोर सांगून टाकलं, “शेळीच्या जिवावर शिकतेय मी. वास येणारच की!” त्या दिवसापासून कुणी नाक दाबलं नाही.

म्हणजे डावी बाजू पार सडलेली असणार, असं ती धरून चालली होती. आणि निघाली कशी? वरवरचा तांबूस थर, खाली लोखंड ठणठणीत. ती रोज जिथं पाण्याची बाटली ठेवायची, तिथं एक उथळ, गुळगुळीत खळगा होता. जीप कितीही आदळली तरी बाटली त्यातून हलत नसे. तो खळगा पुसल्याबरोबर चकाकला.

डावी बाजू अशी, तर उजवी आरसाच असणार! योगिता ब्रश घेऊन ड्रायव्हरच्या बाजूला गेली.

“योगे, तिकडं जाऊ नगं.”

“कावून?”

“नगं म्हणलं ना.”

तिचं डोकं फिरलं. त्या सीटवर अण्णांनी तिला कधीच बसू दिलं नव्हतं. जीप शिकवा म्हणून तिनं दोन उन्हाळे मागं लागून काढले. त्यांचं एकच, पोरीच्या जातीला कशाला पाहिजे? पावसाळ्यात त्यांचा उजवा पाय पोटरीपर्यंत चिखलानं भरलेला असायचा. “अण्णा, तुमी गाडी चालवता का गाडीमागं पळता?” असं म्हणून ती खिदळायची. तेही हसायचे.

तिनं रबरी मॅट ओढून काढली. खाली गोणपाट होतं. त्याच्यावर काळ्या रंगाचे थरावर थर चढवलेले, वाळून पापडासारखे कडक. तिनं ब्रश टेकवला. आवाज आला नाही. ब्रशसकट हात मनगटापर्यंत आत गेला. गोणपाट फाटलं आणि तारेनं बांधलेल्या दोन फळ्यांच्या मधून अंगणातली माती दिसली. एक कोंबडी खालून निवांत चालत गेली.

योगितानं भोकातून हात बाहेर ओढला.

“अण्णा, हितं रंग कशाला लावू?”

“तिथं काय न्हाईच, माय. रंगाला धरायला पत्रा तर पाहिजे.”

“आन् उद्या?”

अण्णांनी हातातला पाला एका शेळीपुढं टाकला. “साहेब पयलं ड्रायव्हरच्याच पायाखाली बघतेत,” ते म्हणाले, आणि पुढच्या शेळीकडं वळले.

रंगाचा डबा उघडाच होता. वर साय धरायला लागली होती. योगिता डाव्या बाजूला येऊन तिच्या जागेवर बसली. पायाखालच्या पत्र्यावरून तिनं हात फिरवला. चारी कडांनी बोटांना वेल्डिंगचा ओबडधोबड टाका लागला, कापून आणून जोडलेल्या तुकड्याला असतो तसा. मग हात त्या बाटलीच्या खळग्यात गेला आणि तिथंच थांबला.

वर्षानुवर्षं एक्सलेटर दाबणाऱ्या पायाची टाच टेकल्याशिवाय लोखंडाला असा खळगा पडत नाही, आणि तिच्या बाजूला एक्सलेटर कधीच नव्हता.