हातभर बांगड्या

चाळीस वर्षं नरडाण्यातल्या प्रत्येक लग्नात खापरावर मांडे करायला यशोदाबाईलाच बोलावणं यायचं. पुरण भरलेली पोळी कोपरांपर्यंत दोन्ही हातांवर झेलत पसरायची, म्हणून बांगड्या आधी काढून ठेवायच्या. गावातल्या एकाही लग्नाच्या फोटोत तिचे हात भरलेले नाहीत. आज लग्न तिच्याच लेकीचं. "मांडे मीच करसू," म्हणून ती अडून बसली होती. लेकीनं मात्र चोपड्याहून मांडेवाल्या बायका बोलावल्या आणि आईला हातभर हिरव्या बांगड्या भरवल्या. पहिलाच मांडा खापरावर टाकताना फाटला. सगळा मांडव यशोदाबाईकडे बघू लागला. ती उठली, चुलीपाशी गेली, बांगड्यांना हात घातला आणि थांबली. "मना बी पहिला मांडा फाटेल व्हता," ती मांडेवालीला म्हणाली, "दुसरा टाक. आज मी नवरीनी माय शे." मग फोटोवाल्याला हाक मारून तिनं दोन्ही हात पुढे धरले.