वळणाची रेघ

"इथे जरा हळू घे," सासूबाई म्हणाल्या.

"तुमच्या साहेबांचं विमान उडू दे आई, मग सावकाश जाऊ," सून म्हणाली आणि तिने वळण त्याच वेगात घेतलं. डावीकडून बैठ्या घरांची एक ओळ सरकत गेली. अंगणांत कपडे वाळत होते. एका पायरीवर कुणीतरी केस विंचरत बसलं होतं.

साहेब म्हणजे रस्तेबांधणीच्या कार्यालयातले त्यांचे जुने इंजिनिअर. ते आज कायमचे मुलाकडे परदेशी निघाले होते. सासूबाई त्याच कार्यालयात ट्रेसर होत्या, पेन्सिलीचे नकाशे पारदर्शक कापडावर शाईने उतरवायच्या. साहेब निघाल्याचं सकाळी जुन्या शिपायाने फोन करून सांगितलं, तेव्हा त्या भाजी निवडत होत्या. भाजी तशीच राहिली. साहेब एकदा विमानतळाच्या दारातून आत गेले की बिनतिकिटाच्या माणसाला मागे जाता येणार नव्हतं.

"चाळीस वर्षं एकाच शहरात होतात," सून म्हणाली. "दोन शब्द बोलायला आजच मुहूर्त लागला?"

"तेव्हा ते साहेब होते."

"आणि आता?"

"आता ते निघालेत."

सुनेने पुढची गाडी मागे टाकली.

साहेब दारापाशीच सापडले. चाकाच्या खुर्चीत, या उकाड्यात थंड देशातला कोट घालून, गळ्यापर्यंत गुंड्या लावून बसले होते. शेजारी मुलगा तिसऱ्यांदा खिशातला पासपोर्ट चाचपत होता.

"साहेब, ओळखलंत?"

साहेबांनी आधी चेहऱ्याकडे पाहिलं, मग हाताकडे. "उजव्या मनगटाखाली रुमाल. ट्रेसरबाई!"

ट्रेसिंगच्या कापडावर घामाचा थेंब पडला की कापड फुगतं, शाई फुटते. म्हणून मनगटाखाली रुमाल ठेवायचा, ती सवय सासूबाईंच्या हातून अजून सुटली नव्हती.

"साहेब, एकच सांगायचंय. मध्ये बोलू नका, नाहीतर राहून जाईल," त्या भरभर बोलू लागल्या. "विमानतळाच्या जोडरस्त्याचा नकाशा. त्यावर पेन्सिलीच्या दोन रेघा होत्या. सरळ रेघ घरांवरून जात होती, ती मंजूर झालेली. वळणाची नामंजूर, ती पुसलेली. मी मूर्खासारखी वळणाच्या रेघेवर शाई भरली. खुंट्या ठोकल्या, खणायला सुरुवात झाली, तेव्हा कळलं. मोठ्या साहेबांनी ट्रेसरचं नाव विचारलं. तुम्ही म्हणालात, 'तपासून सही मी केली आहे, माझं नाव लिहा.' माझी नोकरी तेव्हा कच्ची होती. ह्यांनी अंथरूण धरलेलं, पदरात दोन पोरं. नोकरी राहिली म्हणून पोरं उभी राहिली. तुमची बढती मात्र चार वर्षं अडकली. मला तोंड दाखवायची लाज वाटायची, म्हणून कधी आभारसुद्धा मानले नाहीत. आज मानते."

त्यांनी हात जोडले. रुमाल हातातच होता.

"बाबा, आत बोलावतायत," मुलगा म्हणाला.

"थांब रे. विमान काय मला टाकून जातंय?"

"जाईल बाबा. तेच सांगतोय."

साहेबांनी कोटाची वरची गुंडी सोडली. "ट्रेसरबाई, पुसलेली रेघ तुम्हाला दिसली कशी?"

"नवी होते मी. माझंच लक्ष नव्हतं."

"लक्ष होतं. वळणाची रेघ मी पुसलीच नव्हती. खोडरबर फिरवला होता तो सरळ रेघेवरून."

सासूबाईंना कळेना. साहेब खाली पाहत बोलत राहिले.

"जुन्या रस्त्यावर, बाजाराच्या गर्दीत लोकांची विमानं चुकत होती. मोठ्या साहेबांना रोज वरून फोन. त्यांना रस्ता नाकासमोर हवा होता, आणि लगेच. मध्ये एकोणीस घरं होती. मी दोनदा बोलून पाहिलं, दोन्ही वेळा मला गप्प बसवलं. मग ठरवलं, चूक झाली म्हणून सांगायचं. ठोकलेल्या खुंट्या कोण उपटतोय? ते ओरडतील आणि विसरतील. तुमचं नाव विचारतील हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मी तुम्हाला वाचवलं नाही, बाई. मीच खड्ड्यात ढकललं होतं, ते हात देऊन वर काढलं, इतकंच. आणि इतकी वर्षं चूक तुमचीच आहे असं तुम्हाला वाटू दिलं."

"हे आईलासुद्धा माहीत नव्हतं," मुलगा पुटपुटला.

"तिला सांगितलं असतं तर मोठ्या साहेबांना संध्याकाळपर्यंत कळलं असतं."

कुणी हसलं नाही. मागून सून गाडीची किल्ली हातात घेऊन आली होती, ती दोन पावलांवरच थांबली. त्या एका चुकीपायी निवृत्त होईपर्यंत सासूबाईंनी प्रत्येक नकाशा तीनतीनदा तपासला होता. स्वतःची चूक निघेल या धाकाने जेवणाची सुट्टी सोडली होती. घरी सगळ्यांना ते ठाऊक होतं.

"रागावलात?" साहेबांनी विचारलं.

"हो," सासूबाई म्हणाल्या.

मुलाने खुर्चीचा ब्रेक सोडला. सासूबाई पुढे झाल्या, वाकल्या आणि त्यांनी साहेबांच्या कोटाची गुंडी पुन्हा लावली. विमानतळाच्या आत गार असतं, असं सून वाटेत म्हणाली होती.

"पण मानलेले आभार मी परत घेत नाही," त्या म्हणाल्या. "फक्त तेव्हाच सांगायला हवं होतंत, साहेब. ती रेघ मी आणखी ठळक काढली असती."