राखण

सौंसरजवळच्या त्या बरड माळावर आज निसर्ग उद्यान उभं आहे, ते ऐंशीच्या घरातल्या काकाजींमुळे. रविवारी सकाळी श्रमदानाला येणाऱ्या आम्हा सगळ्यांना उपटायचं गाजरगवत कोणतं आणि जपायचं कडुनिंबाचं रोप कोणतं, हे त्यांनीच शिकवलं. यंदा मात्र त्यांनाच ते ओळखू येईना. गाजरगवत समजून ते खुरप्याने कडुनिंबाची रोपं उपटत सुटायचे. ते घरी गेले की आम्ही ती पुन्हा त्याच खड्ड्यांत लावून पाणी घालायचो. "सांगून टाकू ना त्यायले एकदा," आमच्यातला कुलदीप म्हणाला, तेव्हा मी त्याच्यावर खेकसले, "खबरदार! एक शब्द बोलला तर पाहा." मागच्या रविवारी काकाजी माना टाकलेल्या रोपांपाशी थबकले. "कोण उपटून राहिलं बे ही झाडं?" ते कडाडले. सगळे खाली बघू लागले. "तुमच्यानं होत नसन तर मीच राखण करतो. सापडू द्या फक्त तो." आणि खुरपं मांडीवर ठेवून ते तिथंच बसले. तासाभराने मी चहा घेऊन गेले. पेला धरायला त्यांनी मूठ उघडली, तर तिच्यात कडुनिंबाचं रोप होतं, मुळांना ओली माती लागलेलं. ते त्या रोपाकडे बघत राहिले, मग समोरच्या रिकाम्या खड्ड्याकडे. चहा निवला. मग त्यांनी खुरपं माझ्या हातात दिलं. "सापडला, पोरी," ते हळूच म्हणाले. "आता त्याले बागेत येऊ देऊ नको."